निपाणीहून आणलेला बेड

बेळगावात टिळकवाडीतल्या ज्या पार्लरात मी अकरा वर्षं काम केलं, तिथला मसाजचा बेड माझ्या मापाचा नव्हता. मॅडमनी तो दिसायला चांगला म्हणून घेतला होता. त्यांना स्वतःला त्याच्याजवळ उभं राहून कुणाला तेल लावायचं नव्हतं. मी उंचीनं जेमतेम पाच फूट. बाई पालथी झोपली की तिची पाठ माझ्या छातीशी यायची. हाताला जोर मिळावा म्हणून मी घरून जेवायचा पाट नेला आणि त्यावर उभी राहून मसाज करू लागले. पाटावरून उतरायचं, बाईच्या पायांकडे जायचं, पाट पायानं सरकवायचा, पुन्हा चढायचं. दिवसाला पाच-सहा बायका. अकराव्या वर्षी कंबर धरली ती सुटलीच नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला आणि मणक्यांतली जागा झिजलीय, आता वाकायचं नाही, टाचा उंचावून काम करायचं नाही, असं सांगितलं. मी मॅडमना म्हणाले, खालीवर होणारा बेड घेऊया. त्या म्हणाल्या, "बेडला काय झालंय? गिऱ्हाइकांची तर काही तक्रार नाही."

महिन्याभरानं माझ्या जागी त्यांनी एक उंच मुलगी घेतली.

वडगावात माझी थोरली बहीण राहते. तिचा नवरा गेल्यावर काही वर्षं तिनं पुढच्या खोलीतले दोन माग एकटीनं चालवले. मग साडीला भाव मिळेना, सुटे भाग मिळेनात, आणि एक दिवस माग भंगारात गेले. खोली रिकामी झाली. माझं काम सुटून मी घरी बसल्याचं कळल्यावर ती आली आणि म्हणाली, "ती खोली आता खायला उठती गं. तुझं ते पार्लर तिथंच काढ."

"पार्लर न्हाय आक्का. स्पा काढायचा म्हणते."

तिचा चेहरा उतरला. "पेपरात येतंय ते?"

तिला समजावता समजावता दोन दिवस गेले. तेल, मालिश, वाफ, चेहऱ्याचं थोडं. आणि येणार फक्त बायका. शेवटी तिनं मान हलवली, पण पाटी रंगवून घेतली तेव्हा रंगाऱ्याच्या डोक्यावर स्वतः उभी राहिली. नियमाप्रमाणं वर कानडी मोठं, खाली मराठी बारीक; पण दोन्हीकडे सगळ्यात ठळक अक्षर 'फक्त महिलांसाठी' हेच. स्पा हा शब्द शोधावा लागतो.

माझी बचत गटातली शिल्लक आणि आक्काच्या मागाचं भंगार, एवढंच आमचं भांडवल. फरशी, गिझर, पडदे, वाफेचं यंत्र यांत ते बघता बघता आटलं. बेडसाठी वीस हजार राहिले, टेंपोचं भाडं धरून. मला तर बेडच आधी घ्यायचा होता, पण खोलीला फरशी नसेल तर बेड ठेवणार कुठं, असं आक्का म्हणाली, आणि तेही खोटं नव्हतं.

मग तीन आठवडे मी पर्समध्ये मोजपट्टी टाकून फिरले. कोल्हापूरला दोन दुकानं पाहिली. पायानं दाबून खालीवर करायचे बेड तिथं होते, पण किंमत ऐकूनच मी पुढं सरकायची. पुढं साधे होते, चार लाकडी पाय आणि वर फोम, रेक्झिन. दुकानातला माणूस म्हणायचा, "झोपून बघा ना मॅडम, किती मऊ आहे." सगळेच झोपून बघायला सांगायचे. मला झोपायचं नव्हतं, शेजारी उभं राहायचं होतं. मी बेडच्या बाजूला उभी राहून दोन्ही तळवे टेकवायची, कोपरं कितपत सरळ राहतात ते बघायची, आणि दुकानातला माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

घडीचा बेड एक स्वस्तात होता. मी त्यावर हातानं भार दिला तर तो पाळण्यासारखा हलला. बेळगुंदीच्या, उचगावच्या बायका माझ्याकडे येणार हे मला माहीत होतं. रताळी काढून, भात लावून कंबरेचं लाकूड झालेल्या बायका. त्यांना त्यावर झोपवलं असतं तर मसाजाआधी बेडच मोडला असता. वडगावातला सुतार म्हणाला, "दहा हजारात असा करून देतो की वर चार माणसं नाचली तरी हलायचा न्हाय." पण त्याची उंची एकच राहणार. तोंडाला तेल लावताना बेड उंच पाहिजे, पाठ दाबताना खाली. सुताराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, पाय एकदा कापला की कापला."

एवढ्यात खडेबाजारात क्रीम-पावडर विकणाऱ्या बाईनं मला एक नंबर दिला. निपाणीत कुणीतरी घरातच स्पा काढला होता, पाच महिन्यांत बंद केला, बेड विकायचाय. खालीवर होणारा.

आक्का आणि मी सकाळच्या बसनं गेलो. घर जैन व्यापाऱ्याचं, तीन पिढ्या तंबाखूतल्या. खाली गोदाम, वर राहतं घर. जिना चढेपर्यंत मला चार शिंका आल्या. वर, जिनं स्पा काढला होता त्या सुनेचे सासरे आमची वाट बघत बसले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हटलं. माणूस वाईट नव्हता. पाणी दिलं, पंखा लावला, बेळगावात आमचं घर कुठल्या गल्लीत ते विचारलं. मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि ती आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेली. आप्पाही मागून आले.

सून अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. बोलायला हळू. खोली तिनं स्वतःच सजवली असणार, कारण भिंतीचा रंग बाकीच्या घरासारखा नव्हता, फिकट जांभळा होता. काचेच्या फळीवर बाटल्या ओळीनं, एकीवरही धूळ नाही. बेडवर इस्त्री केलेली चादर. विकायच्या वस्तूवर चादर कोण इस्त्री करून घालतं, असं माझ्या मनात आलं, आणि मी ते तिथंच सोडून दिलं.

तिनं चादर काढून घडी केली. मी पायानं पट्टी दाबली. बेड आवाज न करता खाली आला, माझ्या मांडीच्या वरपर्यंत, आणि थांबला. मी तळवे टेकवले. कोपरं सरळ, खांदे सैल, कंबर ताठ. अकरा वर्षं मी बेडपर्यंत चढत होते. हा माझ्यापर्यंत उतरला. मला तिथंच रडू येईल असं वाटलं आणि भाव करायला आलेल्या माणसानं रडायचं नसतं, म्हणून मी पुन्हा पट्टी दाबून बेड वर नेला, पुन्हा खाली आणला, आणि तोंड वाकडं केलं.

"पन्नासाला घेतलेला," आप्पा म्हणाले. "पाचच महिने वापर. तीस द्या आणि घेऊन जावा."

"बंद कशाला केलं?" आक्कानं विचारलं.

"काय सांगायचं." आप्पा सुनेकडं न बघता बोलले. "खाली आमची गिऱ्हाइकं बसलेली असत्यात. वर बाहेरच्या बायका येणार, कापडं काढून झोपणार. लोक म्हणत्यात ते सोडा. आमालाच घरात बरं वाटंना."

सून फळीवरच्या बाटल्यांकडे बघत होती.

मी वाकले. वाकायचं नाही म्हणून सांगितलेलं असताना गुडघे टेकून बेडच्या खाली बघितलं. बुडाशी, जिथून लोखंडी खांब वर जातो तिथं, एक तपकिरी ओघळ होता. मी बोट लावलं. बोट नाकाजवळ न्यायचीही गरज नव्हती, पण नेलं. तिळाचं तेल. मालिश करताना वाटीतून सांडतं ते. बेड खालीवर करणाऱ्या पंपातलं तेल वेगळं असतं, त्याला गॅरेजचा वास येतो. मला हे आक्कापेक्षा, आप्पांपेक्षा, त्या घरातल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. फक्त एका माणसाला माझ्याइतकं कळत होतं.

मी उठले आणि बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "आप्पा, हे बघा. पंपातलं तेल गळायला लागलंय. आज न्हाय कळायचं, पण दोन महिन्यांनी बेड वर ऱ्हायचाच न्हाय. बाई झोपलेली असतानाच खाली बसल."

आणि कुणी वास घ्यायच्या आत बोट पदराला पुसलं.

"आप्पा, ते तेल—" सून म्हणाली.

आप्पांनी हात वर केला. "सुम्म इर," ते कानडीत म्हणाले. गप्प राहा. मग मला म्हणाले, "पंपाला खर्च किती येईल?"

मी एक आकडा सांगितला. तो कुठून आला ते मला आजही माहीत नाही, तोंडातून आला. सुनेनं मान खाली घातली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. परीक्षेत शेजारच्या मुलीनं कॉपी केलेली दिसावी आणि बाईंना सांगायचं की नाही हे अजून ठरायचं असावं, तसं. मी तिच्याकडे बघणं टाळून आप्पांशी बोलत राहिले. अर्ध्या तासानं व्यवहार सतरा हजारांना ठरला.

टेंपो तिथल्याच ओळखीचा मिळाला. बेड मागं दोरखंडानं बांधला, आम्ही दोघी ड्रायव्हरशेजारी बसलो. संकेश्वर जाईपर्यंत आक्का मागं वळून बेडकडं बघत होती. मी मात्र खुशीत होते, हे खरं सांगायला पाहिजे. टेंपोचं भाडं जाऊनही थोडे पैसे वाचले होते, कंबर वाचणार होती. मीच बोलत होते. पडदे कुठल्या बाजूला, बेडचं डोकं कुठल्या भिंतीला. मग आक्का म्हणाली, "ते तेल खरंच पंपाचं होतं व्हय?"

मी म्हणाले, "धंद्यात बोलावं लागतं आक्का."

तिनं रस्त्याकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "अगदी पेढीवरच्या शेटजीसारखी बोललीस."

एवढंच. आमचे वडील हातमागावर साडी विणायचे आणि शहापुरातल्या एका पेढीवर घेऊन जायचे. मी लहान होते, त्यांच्याबरोबर जायची, कारण परत येताना कधीतरी भजी मिळायची. शेटजी साडी उलगडायचे, उजेडाला धरायचे आणि बोटानं एक जागा दाखवायचे. इथं तार सुटलीय. इथं काठ ओढलाय. सुटलेली नसायची. वडिलांना ठाऊक असायचं, शेटजींना ठाऊक असायचं, आणि वडील म्हणायचे, "व्हय, सुटली असंल." कारण साडी परत घरी नेऊन तिचं करणार काय? परत येताना ते माझा हात जरा जास्तच घट्ट धरायचे. त्या बोटाचा मला एवढा राग होता की शाळेत असताना मी ठरवलं होतं, कसलाही धंदा करीन पण कापडाचा नाही. कापडाचा नाहीच केला मी. बोट मात्र तेच निघालं.

बेड खोलीत बसला. फोममध्ये तंबाखूचा वास मुरलेला होता. चार दिवस मी त्याला अंगणात ऊन दिलं, तरी पहिली बाई तोंड खाली घालून झोपली आणि शिंकायलाच लागली. पुढं वास गेला, की आम्हाला सवय झाली, कोण जाणे. शेजारच्या घरात अजून चार पॉवरलूम चालतात. मी मोबाईलवर बासरी लावायची आणि ती त्या खटाखटीत बुडून जायची. वाटलं होतं कुणी दुसऱ्यांदा येणार नाही. पण वडगावातल्या बायकांना त्या आवाजातच झोप लागायची. बेळगुंदीहून येणाऱ्या झोपायच्या नाहीत, बोलत बसायच्या, म्हणून मी त्यांना दुपारची वेळ द्यायला लागले. धंदा उभा राहिला. कंबरही राहिली. बेड मांडीपर्यंत खाली घेऊन मी पाठ दाबायची, तेव्हा रात्री गोळी लागायची नाही.

दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी दारात निपाणीची सून उभी होती. एकटी. हातात कापडी पिशवी.

"ताई, ही राहिली होती," ती म्हणाली आणि पिशवीतून घोड्याच्या नालासारखी एक उशी काढली. बेडला तोंड ठेवायला भोक असतं, त्याच्या कडेला बसवायची उशी. ती नाही म्हणून मी तिथं टॉवेल गुंडाळून ठेवत होते. "कपाटात होती. ह्याशिवाय बायकांच्या कपाळाला वळ उठतात."

मी तिला आत घेतलं. आक्का चहा ठेवायला गेली. खोलीत तेव्हा कुणी नव्हतं. तिनं भिंती बघितल्या, पडदे बघितले, मग बेडजवळ गेली, उशी जागेवर बसवली आणि पायानं पट्टी दाबली. बेड वर आला. तिनं पुन्हा दाबून खाली घेतला.

"चांगला चालतोय ना?"

"व्हय," मी म्हणाले.

"ते तेल तिळाचं होतं ताई."

मी काहीतरी बोलणार होते. मला नीट दिसलं नाही, घाईत होते, असं काहीतरी. जिभेवर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर भांडण नव्हतं, आणि भांडण नसलेल्या माणसाशी खोटं बोलणं अवघड जातं. मी म्हणाले, "मला माहीत होतं."

तिनं मान हलवली.

"मग तू बोलली का न्हाईस? परत एकदा बोलली असतीस तर आप्पांनी ऐकलं असतं."

"ऐकलं असतं तर तुम्ही उठून गेला असता. त्याच्या आधी तीन माणसं येऊन गेलती. आप्पा म्हणालते, ह्या आठवड्यात न्हाय गेला तर भंगारवाल्याला देणार." तिनं बेडच्या कडेवरून हात फिरवला. "तुम्ही हात कसे टेकवले ते मी बघितलं होतं. म्हटलं, जाऊ दे. कामात तरी ऱ्हाईल."

आक्का चहा घेऊन आली. चहा पिताना सुनेनं बाकीचं सांगितलं, विचारल्याशिवाय, अगदी सहज. बेड तिनं आपल्या माहेरच्या पाटल्या मोडून घेतला होता. बंद करायचं ठरलं तेव्हा आप्पा तिला म्हणाले होते, बेडचे येतील ते तुझे, आम्हाला नकोत. त्यातून तिला कोल्हापूरला सहा महिन्यांचा त्वचेचा कोर्स करायचा होता. डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरी मिळते त्यावर, आणि दवाखान्याला घरातले नाही म्हणणार नव्हते. पंचवीस हजार भरायचे होते. आलेल्या पैशांत ते जमलं नाही, आणि कमी पडलेले आठ मागायला गेली तेव्हा नवरा म्हणाला की आता कशाला नवीन खूळ. मग बॅच सुरू झाली आणि तारीख गेली.

"पुढच्या बॅचला जा की," आक्का म्हणाली.

"बघू," ती म्हणाली.

माझ्या टेबलाच्या खणात त्या आठवड्याची जमा होती. आठ हजारांहून जास्त. मला ते माहीत होतं आणि ती बोलत असताना मी त्या खणाकडं दोनदा बघितलं. पुढच्या आठवड्यात वाफेच्या यंत्राचा हप्ता होता, असं मी स्वतःला सांगितलं. होताही. मग मी तिला म्हणाले, "इथं माझ्याबरोबर काम करशील? दोघींना पुरतील एवढ्या बायका येतात."

ती हसली. "निपाणीहून रोज? ताई, आज मी देवळाला म्हणून बाहेर पडलेय."

"मग आज झोप थोडा वेळ. मी पाठ करून देते. पैसे नकोत."

हे बोलताना मला वाटलं होतं की मी काहीतरी मोठं देतेय. तिनं बेडकडं बघितलं. तिनं सांगितलं की पाच महिन्यांत ती स्वतः त्यावर एकदाही झोपली नव्हती, तिला करून देणारं कुणी नव्हतं. मग घड्याळ बघून म्हणाली, "नको. साडेतीनची गाडी गेली तर घरी विचारतील." पिशवीची घडी घातली, आक्काच्या पाया पडली, माझ्या नाही पडली, आणि गेली.

रात्री मी पाकिटात आठ हजार घातले. सकाळी त्यातून दोन काढले, हप्ता भागेना म्हणून. चार दिवसांनी उरलेलेही काढले. तिला फोन करून, पुढच्या महिन्यात नक्की पाठवते, असं सांगायचं ठरवलं. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा एका पुरुषानं उचलला, मी चुकीचा नंबर म्हणून ठेवला. तिसऱ्यांदा तिनंच उचलला आणि मी पैशांचं बोलायच्या आतच हळू आवाजात म्हणाली, "ताई, फोन करू नका. कोण बेळगावची, म्हणून विचारतात इथं." तिचा आवाज तेव्हाही रागाचा नव्हता. मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तिनंच नको म्हटलंय, आता माझं काय, असं मी आक्कालाही सांगितलं. आक्कानं 'बरं' एवढंच म्हटलं आणि भाजी चिरत राहिली.

याला आता दीड वर्ष झालं. पैसे पाठवायचे तर अजूनही पाठवता येतील. निपाणीत त्या सुनेच्या गल्लीतल्या एकीचं माहेर वडगावात आहे, ती दर दिवाळीला येते. तिच्याकडून कळलं की सूनबाई आता खाली गोदामातली बिलं करायला बसते, हिशेबाला चोख आहे, सासरे खूश आहेत. मी तिच्याबरोबर पाकीट दिलं नाही. गल्लीतली बाई, उघडून बघेल, चार घरी सांगेल, सुनेलाच त्रास होईल, अशी कारणं मला लगेच सुचली. सगळी खरी होती.

मागच्या आठवड्यात एका नवीन गिऱ्हाइकानं बेडवरून उठताना विचारलं, "बेड झकास आहे हो. नवीन घेतला?"

"न्हाय, जुना. निपाणीहून आणला," मी म्हणाले. आणि कुणी विचारलं नसताना पुढं सांगितलं, "पन्नासाचा बेड. सतराला पाडला."

बाई म्हणाल्या, "वा, तुम्ही हुशार आहात."

आक्का दाराशी टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.